फडक्याखालची रास्पबेरी

तीर्थरूप मावशीस,

पन्नाशी ओलांडलेल्या बालकाचा साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे तूर्त आठांपैकी पाचच अंगं पाठवतो आहे. उरलेली तीन रविवारी समक्ष.)

तुझं पत्र पोचलं. दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू निघाला आणि समोरच्या इमारतीतली बाई कपडे नीट पिळत नाही हे आता तुला चौथ्या मजल्यावरून स्वच्छ दिसतं, हे वाचून आनंद झाला. त्या बाईची मात्र काळजी वाटली. गुडघा काय म्हणतो? तुमच्याकडची लिफ्ट सुरू झाली, की अजून तिच्या दारावरची 'काम चालू आहे' ही पाटीच तेवढी कामावर असते? तुझ्या चिरंजीवांनी तुझ्यासाठी गॅलरीत ठेवलेलं ते प्लास्टिकचं झाड कसं आहे? (वाढलं नसेल अशी आशा आहे.) इकडे सर्व खुशाल. म्हणजे माणसं खुशाल. बागेचं खाली लिहितो, ते बसून वाच.

तू रविवारी येणार आणि "माझ्या झाडांची वाटीभर रास्पबेरी" खाणार, नव्या डोळ्यांनी मुद्दाम बघावं असं तेवढंच उरलंय, असं तू लिहिलंयस. मावशी, हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पत्र घडी घालून परत पाकिटात ठेवलं. त्याचं कारण सांगायला दीड वर्ष मागे जावं लागेल.

मुलाकडे राहायला जाताना तू घर आवरलंस तेव्हा कपाट एकाला गेलं, शिवणयंत्र दुसरीला गेलं आणि माझ्या हातात तू ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा काड्या दिल्यास. (वर्तमानपत्र आमचंच होतं. आमच्या अग्रलेखाच्या पानाने कशात तरी ओलावा टिकवून धरल्याचं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.) ही "आपली जुनी", असं तू म्हणालीस. दुसरं नाव तिला तुझ्या सासूबाईंनी ठेवलं नाही, तूही ठेवलं नाहीस. पन्नास वर्षं एकाही उन्हाळ्यात तिने दगा दिला नाही, हे तू ज्या सुरात सांगितलंस त्या सुरात तू काकांबद्दलसुद्धा कधी बोलली नव्हतीस. आणि काड्यांबरोबर तू सहा पानी पत्र दिलंस. पाठपोट लिहिलेलं.

आता कबुली देतो. ते पत्र मी संपादित केलं.

तू हसू नकोस आणि चप्पलही शोधू नकोस. अठ्ठावीस वर्षं मी दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्याचं लांबलचक लिखाण दिसलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. लग्नपत्रिकासुद्धा मी मनातल्या मनात निम्मी करून वाचतो. तुझ्या सहा पानांचा मी पोस्टकार्डाएवढा मजकूर केला, सुवाच्य अक्षरात लिहिला आणि बागेच्या अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगला. मूळ पत्र सौभाग्यवतींच्या कपाटात गेलं. पाचव्या पानावर तू लिहिलं होतंस की यंदा फळ दिलेल्या काड्या संपल्या, त्या जमिनीलगत काप. पण यंदा नव्याने उगवलेल्या काड्या थंडीत पानं झडून अगदी मेल्यासारख्या दिसतात, त्या मेलेल्या नसतात, पुढल्या वर्षीचं फळ त्यांच्यावरच येतं. त्यापुढे तू लिहिलं होतंस, "पुन्हा सांगते, त्यांना हात लावू नकोस." आमच्या धंद्यात 'पुन्हा सांगते' हे शब्द म्हणजे इथून पुढे कापा अशी लेखकानेच दिलेली परवानगी असते. मी परिच्छेद उडवला. कार्डावर उरलं ते असं : "काड्या वाळल्या की जमिनीलगत कापाव्यात." किती नेटकं वाक्य! आजही त्यातला एक शब्द कमी करता येणार नाही.

पहिल्या उन्हाळ्यात नव्या जागेतही तिने ओंजळभर फळ दिलं, तेव्हा मी तुला फोनवर फुशारकी मारली होती ते आठवत असेल. मग थंडी आली. एका रविवारी सकाळी मी हातमोजे चढवले, कार्ड वाचलं, बाहेर गेलो. सगळ्या काड्या तपकिरी, सगळ्या वाळक्या. मी एकूण एक कापल्या. एवढा टापटीप वाफा आमच्या परसात कधी दिसला नव्हता. मी त्याचा फोटोसुद्धा काढला. (तो तुला पाठवला नाही याबद्दल दैवाचे आभार मानतो.)

थंडी सरल्यावर तुझं पत्र आलं की एक डोळा झाला, दुसरा झाला की येते, झाडं कशी आहेत, गेल्या वर्षीच्या काड्यांवर पालवी आली का. गेल्या वर्षीच्या? मी कपाटातून मूळ पत्र काढलं, पाचवं पान उघडलं आणि तिथेच पलंगावर बसलो. अठ्ठावीस वर्षांत किती लोकांची कुठली कुठली वाक्यं मी अशी उडवली असतील, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला. फार वेळ टिकू दिला नाही.

मग मी अप्रामाणिक मार्गाला लागलो. रोपवाटिकेचा मालक तुला ठाऊक नाही. आम्ही त्याला 'सरकार' म्हणतो, कारण तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधीच देत नाही. मी विचारलं, जुन्या जातीची, फळाला आलेली रास्पबेरी मिळेल का? सरकार म्हणाले, "जुनी कशाला साहेब? बिनकाट्याची न्या. वर्षातून दोनदा फळते, दिसायलाही देखणी." मी तीन कुंड्या आणल्या आणि तुझ्या वाफ्यात लावल्या. बेत असा होता, की त्याच ह्या म्हणून तुला दाखवायच्या. हा बेत मी घरात मांडला, तेव्हा सौभाग्यवती भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाल्या, "मावशींचे डोळे आता सुधारताहेत हो. जिभेला कधीच काही झालं नव्हतं."

ती देखणी मंडळी चार दिवस उन्हात उभी राहिली आणि पाचव्या दिवशी त्यांना भोवळ आली. सकाळी पाणी दिलं तर मुळं कुजली म्हणायची, संध्याकाळी दिलं तर उशीर झाला म्हणायची. त्यांच्यावर आधीपासून लागलेली फळं अंगठ्याएवढी होती. मी एक खाल्लं. ओला कापूस खाल्ल्यासारखं वाटलं. हे तुझ्यापुढे वाटीत घालून ठेवायचं धाडस मला होईना.

आणि मग, मावशी, ते घडलं. त्या दिवशी सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, मागचं फरशी पुसायचं फडकं जरा आणून देता?" मागच्या भिंतीला, नळाच्या शेजारी, एक वाळकी काठी उभी आहे, तिच्यावर ते फडकं वाळत असतं. सबंध थंडीभर असायचं. मी फडकं ओढलं, तर ते निघेना. कशाला तरी अडकलं होतं. वाकून पाहिलं (उसण तेव्हाची). काठीला काटे होते. काट्यांच्या बगलेत, फडक्याच्या विटक्या कापडाखाली, डोळे फुटले होते. एक पान तर कापडाच्या भोकातून बाहेर डोकावत होतं.

वाफा तिथून किती लांब आहे माहीत आहे? मधे विटांची पायवाट आहे. आदल्या उन्हाळ्यात कधीतरी ती जमिनीखालून निघाली, कुणाला न विचारता पायवाट ओलांडली, नळाच्या ओलाव्याचा अंदाज घेतला आणि भिंतीला पाठ लावून वर आली. तुझ्या चौथ्या पानावर "ती चालते" असं दोन शब्दांचं वाक्य होतं. ते मी लेखिकेचा भावनिक अतिरेक म्हणून उडवलं होतं. मी वाफ्यात कत्तल करत होतो, तेव्हा ही दहा पावलांवर फडकं पांघरून उभी होती.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या नळापाशी स्टूल टाकून बसतो. तुला माहीत आहे, दर आठवड्याच्या माझ्या सदरात मी बागकाम करणाऱ्यांची यथेच्छ टर उडवली आहे. कुंडीशी गप्पा मारणाऱ्या एका निवृत्त न्यायाधीशांवर तर लागोपाठ दोन लेख लिहिले. (त्यांना मी गेल्या आठवड्यात माफीचं पत्र पाठवलं. सोबत खताबद्दल एक प्रश्नही विचारला.) पानाची पाठ चांदीसारखी पांढरी असते हे मला ठाऊक नव्हतं. वारा आला की सबंध काडी क्षणभर रंग बदलते. फूल इतकं साधं, की मला वाटलं अजून उमलायचं आहे. मधमाशांना तसं वाटलं नाही. सकाळपासून त्यांची रांग लागायची, आणि धक्काबुक्की मुळीच नाही. मग पाकळ्या गळल्या आणि हिरवे बारीक मणी धरले. मणी फुगले, फिकटले, एके सकाळी लाल झाले. प्रत्येक फळात शंभरेक मणी, प्रत्येक मण्याला त्याचं स्वतःचं बी, आणि प्रत्येक मण्यावर एक सोनेरी केस. हा केस कशासाठी? मी खूप विचार केला. एवढी निरुपयोगी गोष्ट इतक्या काळजीने केलेली मी कुठल्याच छापखान्यात पाहिली नाही.

आणि तोडायची रीत! कच्चं असेल तर ओढा, पिळा, विनवण्या करा, ते हलत नाही. पिकलं की नुसतं बोट लावायचं. ते आपण होऊन हातात येतं आणि देठावर पांढरा सुळका मागे ठेवून जातं. आतून पोकळ, बोटात टोपीसारखं घालता येईल असं. मी पहिलं फळ तोंडात टाकलं. आधी आंबट, मग एकदम गोड, आणि मग नाकातून एक वास वर चढला, तो थेट तुझ्या मागच्या ओट्यावर जाऊन थांबला, जिथे मी आठ वर्षांचा असताना तू माझ्या दहाही बोटांत दहा फळं घालून दिली होतीस. त्यानंतर मी तासभर स्टुलावरून उठलो नाही. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

आता हिशोब सांगतो. काडी एक. तोडण्याजोगी फळं रविवारपर्यंत साधारण बावन्न. ती तुझ्या नेहमीच्या वाटीत निम्म्यावरही येत नाहीत, म्हणून मी घरातल्या सगळ्या वाट्या उतरवून पाहिल्या. अखेर लेकीच्या लहानपणीची, बाळाला भरवायची वाटी सापडली. तिच्यात ती शिगोशीग भरतात. वाटीच्या मापाबद्दल तू लिहिलं नव्हतंस, तेव्हा तक्रारीला जागा नाही. शिवाय वाफ्याकडे बघशील तर थक्क होशील. मी जमीनदोस्त केलेल्या त्या सहा बुडख्यांतून एकतीस नव्या काड्या आल्या आहेत, कमरेएवढ्या, हिरव्यागार. मी केलेल्या कत्तलीची तिने एवढीही दखल घेतलेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या सगळ्या फळणार. कुणी मधे तडमडलं नाही तर.

सरकारच्या तीन कुंड्या मी परत केल्या. ते म्हणाले, "पुढच्या मोसमात आणखी सुधारित येतेय."

रविवारी वाट बघतो. चिरंजीवांना नमस्कार, समोरच्या बाईंना सबुरी.

तुझा,
ठोंब्या

ता. क. : हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी सौभाग्यवतींनी वाचायला घेतलं. (आमच्या घरात अंतिम मुद्रितशोधन त्याच करतात.) वाचून त्या म्हणाल्या, "त्या काठीवर फडकं मीच टाकलं होतं." मी म्हटलं, ते ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "वाळायला नाही. तुमच्यापासून लपवायला." तुझी सहाही पानं त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. त्या थंडीतल्या रविवारी मी सगळं कापत सुटलो, ते त्या खिडकीतून बघत होत्या. मग मला थांबवलं का नाही, असं विचारलं. तर त्याच सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना म्हणालो होतो म्हणे, की निदान बागेत तरी मला सूचना नकोत. म्हणून सूचना न करता त्यांनी फडकं भिजवलं आणि नळाजवळची तेवढी एक काडी झाकली. थंडीभर रोज झाकली. आणि पालवी आल्यावर मला ते आणायला पाठवलं. चोवीस वर्षांत त्यांनी मला फरशीचं फडकं कधी आणायला सांगितलं नव्हतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. वर मी रास्पबेरीबद्दल जे जे लिहिलं त्यातलं काही खोडत नाही. पण आता सकाळी स्टुलावर बसलो की आश्चर्य नेमकं कोणत्या दिशेला तोंड करून करावं, ते कळेनासं झालंय.

ता. क. २ : बावन्न लिहिलं ते काल रात्रीपर्यंतचं. आज सकाळी सत्तेचाळीस आहेत. पाखरांचं नाव सांगणार होतो, पण लेकीने आत्ताच माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं.

ता. क. ३ : आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. रविवारी येशील ती एका दिवसाची पिशवी घेऊन येऊ नकोस, पेटी घेऊन ये. कुठली काडी कापायची आणि कुठली ठेवायची हे थंडीत समोर उभं राहून कुणीतरी सांगायला हवं. ते तू लिहून पाठवलंस तर मी काय करतो ते तू वाचलंच आहेस. थंडी यायला पाच महिने आहेत, तोवर इथेच राहा. नंतरचं नंतर बघू, किंवा बघूच नये. बागेकडची तळमजल्याची खोली रिकामी केली आहे. एकही पायरी नाही. माझी पुस्तकं वर गेली, आणि उसण खरं तर त्यात भरली. सौभाग्यवती म्हणतात, मावशींना विचारा. मी म्हणतो, विचारलं तर ती आधी मुलाला विचारेल, मुलगा सुनेला विचारेल, आणि सगळ्यांचा विचार होईतो थंडी येऊन जाईल. तेव्हा, मावशी, या वेळी तू त्याला विचारू नकोस. सांग.