रविवारचं दळण

४ जानेवारी, रविवार
पुन्हा दळण! दोन किलो गहू. मागच्या रविवारचं पीठ अजून डब्यात तसंच. शुभदा म्हणाली, "अहो, लग्नघर आहे का आपलं?" म्हटलं, ताज्या पिठाची पोळी मऊ होते. चाळीस वर्षांच्या संसारात पोळीबद्दल पहिल्यांदाच तोंड उघडलं. संशय येणारच!

खरं काय ते इथे लिहितो. मुख्तारच्या पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर ख्रिस्ती मंडळींचा हॉल आहे. रविवारी दहाला तिथे गाणी सुरू होतात — पेटी, ढोलकी, टाळ्या. मी देव मानत नाही. तुर्भ्याला कंपनीत होतो तेव्हा सत्यनारायणाच्या वर्गणीवरून भांडलोय. पण ती गाणी लागली की अंगावर काटा येतो. काय करू! आंबा खाणारा झाडाच्या पाया पडतो का?

७ जानेवारी
सकाळी धपाटे. रात्री धपाटे. शुभदाची पीठ संपवायची मोहीम!

११ जानेवारी, रविवार
दहाला मुख्तारने चक्की बंद केली. "पट्टा गरम झाला, रावसाहेब." दर रविवारी बरोब्बर दहालाच कसा गरम होतो रे? हसला. "तुमचं पीठ पण रविवारीच संपतं ना!" तेवढ्यात वर गाणं सुरू झालं. तो डब्यावर बोटं वाजवत होता, मी खालच्या पट्टीत गुणगुणत होतो. छे, गुणगुणत कसला — चांगला गात होतो! शब्द पाठ झालेत. कोणी ऐकलं नाही म्हणजे मिळवली.

१५ जानेवारी
शुभदाचा हुकूम — "आहे ते पीठ संपेपर्यंत गिरणीचं नाव काढायचं नाही!" डबे बघितले. दीड महिना सहज पुरेल. दीड महिना गाणं नाही! जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
दळायला म्हणून डब्यातले तांदूळ चोरले. स्वतःच्या घरात चोरी!

गिरणीत एक बाई उभ्या. राहीबाई — वरची गाणी त्याच बसवतात. "सलाम, काका. खालून भारदस्त आवाज येतो, तो तुमचाच ना?"

मेलो! म्हटलं, चुकलं, यापुढे नाही गाणार.

"अहो, गा की! आमच्या मंडळीतले असे गाणारे एक भाऊ गावी गेले. सहा महिने रोज प्रार्थना करतोय, प्रभू, एक तरी दमदार आवाज पाठव."

म्हटलं, बाई, मी देव मानत नाही.

"आवाज तर आहे ना? वर या."

डोकं भणभणतंय. आयुष्यभर चहाच्या टपरीवर घसा फोडून सांगितलं, प्रार्थनेला कधी उत्तर येत नाही. आणि आलं ते कोण — मी!

२१ जानेवारी
तांदळाचा डबा शुभदाला हलका लागला. सगळं कबूल केलं. "एवढंच? मला वाटलं गिरणीत कोणी बाई आहे!" म्हटलं, आहे. पण तिला फक्त आवाज हवाय. हसता हसता खाली बसली. मग म्हणाली, "जा. पण तिथे वाद घालू नका."

२५ जानेवारी, रविवार
पिशवी न घेता थेट वर हॉलमध्ये गेलो. दहाला खाली चक्की बंद झाली. वरून ऐकलं आणि सूर लावला.