शनिवारचं तेल

टिटवाळा

तीर्थरूप बाबांस,

येझदी फटफटी कोपरीला पाठवा, हा तुमचा निरोप दगडूकाकांनी दिला. तुम्ही तिकडे दुसरा संसार मांडलात तेव्हापासून ती आमच्या ओट्यावर बंद उभी आहे. मी ठरवलं, इंजिन स्वतः दुरुस्त करायचं आणि गाडी चालवत आणून द्यायची. घरातली पहिली ग्रॅज्युएट तुमच्याशिवाय काय काय शिकली, ते तुम्हाला दिसावं म्हणून.

व्हिडिओ बघत इंजिन उघडलं. पिस्टन गंजून अडकला असेल असं वाटलेलं, पण तो सहज बाहेर आला. त्यावर नुसता चिकट थर होता आणि तिळाच्या तेलाचा वास.

"शनिवारी मारुतीला वाहून उरलेलं," आई म्हणाली. "प्लग काढून आत ओतायचे आणि हाताने किक दाबायचे."

"अगं, हे तेल इंजिनात घालत नाहीत."

"मी काय कॉलेजात गेलेली?"

त्या तेलामुळेच आत गंज धरला नव्हता. इतकी वर्षं ती तुमची वाट बघत होती, असं वाटलं. रिंगा पेट्रोलने धुतल्या, सगळं पुन्हा जोडलं. काल इंजिन सुरू झालं, तेव्हा मी म्हणाले, "आता बाबांना देऊन येते."

"त्यांच्यासाठी नव्हतं गं ते तेल," आई म्हणाली. "मला चालवायची होती. ते कधी हात लावू देत नव्हते."

गाडी मिळणार नाही, एवढं कळवायला हे पत्र लिहीत होते. आई पदर खोचून दारात उभी आहे. म्हणते, "कळवायचं कशाला? बाहेर ये, क्लच दाखव."

तुमची मुलगी,
संचिता