वाकड्या खोलीचं माळवद

मैलूर, बिदर
वैशाख, १९५४

प्रिय अक्का,

तुझा निरोप पोचला. भाऊजींनी दुसरी बायको करून आणली, माहेरी राहायला जागा होईल का ते अप्पांना विचार, एवढंच निंगप्पा गाडीवाल्यानं तुझ्या सासरहून, चिंताकीहून, येऊन मला गोठ्यामागे सांगितलं. मी अप्पांना विचारलं नाही. घर अपुरं पडतंय, एक खोली वाढवू, एवढंच मी म्हणाले. ते बरं म्हणाले. निंगप्पा त्यांच्याशीही बोलला असणार. पण कुणासाठी वाढवायची, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघं फक्त छताबद्दल बोलतो.

जागा एकच होती, मागच्या भिंतीला लागून. एका अंगाला आड, पलीकडे अव्वाची समाधी. समाधीला धक्का लावायचा नाही म्हणून नव्या खोलीची मागची भिंत तिरपी घेतली. आडाकडे खोली बारा फूट रुंद आहे, दुसऱ्या टोकाला जेमतेम सात. एकही कोपरा काटकोनात नाही. हैदराबादला नकाशे काढायला शिकले तेव्हा सगळ्या खोल्या चौकोनी होत्या.

आधी कौलांचा विचार केला. पण अशा खोलीवर दोन्हीकडे सारखा उतार दिला की आढं एका टोकाला खाली येतं, आणि आढं सरळ धरलं तर पागोळीची कड वाकडी होते. शिवाय अर्धं पाणी अव्वाच्या अंगावर पडलं असतं. ते कुणालाच चाललं नसतं. राहिले दोनच उपाय. एक पत्रा, आडाच्या अंगाला एकच उतार देऊन; दुसरं माळवद, तुळया, फळ्या आणि वर पांढरी माती, पाण्याची पन्हाळ आडाकडच्या अंगणात.

खरं सांगायचं तर मापांच्या हिशोबानं पत्राच बरोबर होता. भिंतींवर भार कमी आणि काम आठवड्याचं. अप्पा म्हणाले, "पत्रे टाकून सोड, नक्शानवीसबाई. चार सालानं काढता बी येतील." ते चेष्टेत बोलले, पण मला शेवटचं वाक्यच ऐकू आलं. पत्र्याखाली आपल्याकडे ज्वारी ठेवतात, कडबा ठेवतात. चार सालांत तू परत जाशील, असं त्यांना वाटत होतं. निदान लोकांना तसं वाटावं, अशी त्यांची इच्छा होती. अरुंद टोकाला वारा शिरून पत्रा उचलेल, असं मी कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण माझं कारण ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी अप्पा सागवान बघायला निघाले.

दिवसभर कचेरीत तलावांचे नकाशे गिरवते, संध्याकाळी येऊन भिंतींची मापं घेते. डोळे चुरचुरतात. प्रत्येक तुळईची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येक वेळी मीच दोरी धरते. सुतार वैतागला, मीही थकले आहे. अव्वा गेल्यापासून घरात अप्पा आणि मी दोघंच, आणि दोघांनाही बोलायचा कंटाळा.

काल तुळया चढवल्या. गल्लीतली माणसं हात लावायला आली होती. भागम्मा आत्या अंगणात बसून सगळं बघत होती. सगळ्यांदेखत म्हणाली, "कोठीला एवढं सागवान कामून लावायलास, अण्णा? उंदरं काय पलंगावर निजायलीत व्हय?" माणसं हसली. अप्पा तुळईखाली खांदा देऊन उभे होते. तसेच उभे राहून म्हणाले, "कोठी न्हाई ती. रत्नीची खोली हाय." आत्या म्हणाली, "लेक सासरी शोभती." अप्पा म्हणाले, "शोभली की, अकरा सालं. आता घरी ऱ्हाईल." मग कुणी हसलं नाही. तुळई बसेपर्यंत मी दोरी सोडली नाही, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. फळ्या ठोकून झाल्या, वर कडुलिंबाचा पाला अंथरला, माती अंगणात येऊन पडली आहे. पहिली टोपली, खाली जी बाई राहणार तिनंच टाकायची असते. आत्या टाकायला उठली होती. अप्पांनी टोपली तिच्या हातातून घेतली आणि काम थांबवलं. मृगाआधी माती पडली नाही तर लाकूड भिजेल, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते ऐकत नाहीत. म्हणून निंगप्पाबरोबर गाडी पाठवली आहे. त्याच गाडीत बसून ये. तुझी पेटी आण, अव्वानं दिलेली भांडी आण, गाडीत जागा आहे. भाऊजींनी विचारलं तर माळवदाला माती टाकायची आहे म्हण. परत कधी येणार ते सांगू नकोस.

तुझीच,
चंद्रा