दादाच्या हातांची चाचणी

बाबा, दादाच्या हातांनाही आता तुमच्यासारखाच कंप सुटला आहे. त्याने तो बरीच वर्षं लपवला; मला पहिल्यांदा कळलं ते मोर्शीला, आपल्या संत्र्याच्या रोपवाटिकेत. तो कलम करायला जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधत बसला होता. साल नीट चिरली, पण पट्टी काही केल्या गुंडाळता येईना. मी जवळ गेले तर खेकसला, "पाहून काय राहिली? वारा हाय ना!" पान हलत नव्हतं, बाबा. तुम्हीही असाच कधी वाऱ्यावर, कधी चष्म्यावर, कधी नव्या चाकूवर राग काढायचात. मला तिथेच रडू आलं.

तुमच्या वेळी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हात टेकले. आता म्हणे मूळ पेशींवर काम चाललं आहे. कंपवातात मेंदूतल्या ज्या पेशी मरतात, तशाच नव्या पेशी प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून तयार करायच्या आणि मेंदूत सोडायच्या. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई हे समजावत होत्या. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मंग कलम धरलं का नाई, हे तुमाले कवा समजते?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. "तेच तर पाहून राहिलो, काका. धरते का, आन् धरल्यावर काही त्रास तं नाही देत. म्हणून तर याले अजून इलाज नाही म्हणत, चाचणी म्हणतात." तेव्हापासून दादा गावभर सांगत फिरतो की आपल्या डोक्यात कलम बांधणार आहेत. वहिनी चिडते आणि तो हसतो. कितीतरी दिवसांनी त्याला हसताना पाहते आहे.

मध्येच कुणीतरी अकोल्याचा एक दवाखाना सुचवला. तिथे मूळ पेशींचं इंजेक्शन देतात म्हणे. कंपवाताला, गुडघ्याला, साखरेला, सगळ्याला तेच, आणि वर गॅरंटी. दादा निघालाच होता. बाईंनी फोनवर त्याला चांगलंच झापलं, "जो पैसे घेऊन गॅरंटी देते, तो चाचणी नाही करून राहिला, काका." दादा चपला काढून परत बसला. बांधलेली पट्टी मुदतीआधी सोडून पाहणाऱ्याला तुम्ही वाफ्यातून हाकलून द्यायचात. त्यालाही एकदा हाकललं होतं, तरी धीर काही त्याच्या अंगी आला नाही. मला म्हणाला, "बाईच्या चाचणीत नंबर लागला तं ठीक. नाही तं मी अकोल्याले जातो. मंग मले अडवू नको."

चाचणी जिथे चालते त्या मोठ्या शहरातल्या इस्पितळात बाईंनी त्याचे कागद पाठवले. तो वाट पाहतो आहे. कधीकधी मला तुमचाच राग येतो, इतक्या लवकर का गेलात म्हणून. आत्ता तुम्ही एकदा दरडावलं असतंत तर त्याने ऐकलं असतं. माझं कोण ऐकतं? हे लिहून झालं की फाडून टाकेन.

बाबा, तिकडून नकार आला आहे. आजार फार पुढे गेलाय, यात बसत नाही, म्हणाले. फोन मलाच आला. दादा रोज सकाळी विचारतो, "आला का वं फोन?" आणि मी सांगते, नाही अजून.