उजव्या खांद्यावरचं फूल

।। श्री जगदंबा प्रसन्न ।।

दिंडोरी
ता. ६ ऑक्टोबर २०२५

ती. सहादूभाऊस,
चंद्रभागेचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तेव्हापासून फोनवर माझं मलाच बोलावं लागतं. पलीकडून तुझा नुसता श्वास ऐकू येतो. मोबाइलवर लिहायला मला जमत नाही, म्हणून योगेशकडून पोस्टाची पाकिटं मागवली. पोराने माझ्याकडे नवलाने बघितलं. सातवीनंतर हातात पेन फारसं धरलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इकडे द्राक्षाची छाटणी चालू आहे. पावसाने यंदा पिच्छा सोडलेला नाही. योगेश दिवस उजाडल्यापासून बागेत असतो, आणि मी मजुरांच्या चहामागे.

मालनवहिनीचा फोन आला होता. गळ्यात पुन्हा गाठ दिसली आणि डॉक्टरांनी आता हात टेकले, हे ती रडत रडत सांगत होती. तू म्हणे तेव्हा पेपर वाचत बसला होतास. भाऊ, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. माहेरच्या देवीच्या पायरीवर एकदा डोकं ठेव. मला दिवसरात्र एकच भीती वाटते. उद्या तू तिच्यासमोर उभा राहशील आणि ती विचारील, की तुझ्या घराण्याने माझ्या दारात फुलं विकून पोट भरलं आणि तुला जन्मात एकदा हात जोडवले नाहीत? तेव्हा काय सांगशील? तेव्हा तरी तुझं मत बदलेल, की तिथेही वाद घालशील?

मी नवस बोलले आहे. तू वाकलास की अकरा परड्या झेंडू घेऊन तिच्याकडे अनवाणी जाईन. बासष्टाव्या वर्षी बहिणीचे पाय भाजायचे की नाही, ते तू ठरव.

गळ्याच्या भोकावर बांधायला मऊ सुती रुमाल शिवून पाठवले आहेत. धूळ जाऊ देऊ नकोस. जगदंबा तुला सांभाळो. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी धाकटी बहीण,
चंद्रभागा


अंबड, नाशिक
१४ ऑक्टोबर २०२५

चि. चंद्रभागा हीस,
सहादूचे अनेक आशीर्वाद.

वर आशीर्वाद पोचवणारं कोणी आहे असं मी मानत नाही, पण रीत म्हणून लिहिले. गोरक्ष गेल्यापासून लोक तुझ्या नावामागे गं. भा. लावतात. ती रीत मात्र मी पाळणार नाही. रुमाल अगदी मापाचे झाले. तुझं अक्षर माझ्या डॉक्टरपेक्षा बरं आहे.

तू विचारलंस त्यावर दोन दिवस विचार केला. सध्या मला दुसरा उद्योगही नाही. बत्तीस वर्षं मी कारखान्यात लेथवर काम केलं. मोजल्यावर माप चुकलेलं दिसलं की मी कधी हुज्जत घातली नाही. तसंच, देवी समोर दिसली तर दिसली म्हणेन. डोळ्यांनी दिसलेलं नाकारायला मी काही गाढव नाही. पण आहे म्हणणं वेगळं आणि हात जोडणं वेगळं. कारखान्यात साहेब मला रोज दिसायचा, म्हणून मी त्याच्या पाया पडलो नाही. तिने मला जाब विचारायच्या आत मीच तिला विचारीन, की माझ्या बहिणीच्या डाव्या कानाचं काय? उत्तर पटलं तर पुढचं बघू.

तेव्हा तुझे पाय सुखरूप आहेत. मालन रोज माझ्या उशीखाली अंगाऱ्याची पुडी ठेवते आणि मी ती रोज तुळशीत झटकतो. तुळस जोरात आहे. खायला फक्त पातळ चालतं. चव कळते, एवढं बरं आहे.

योगेशला सांग, फवारताना तोंडाला फडकं बांध. तुझा लोभ मला पुरून उरलेला आहे, तरी चालू ठेव.

तुझा,
सहादू


।। श्री जगदंबा प्रसन्न ।।

दिंडोरी
ता. २७ ऑक्टोबर २०२५

ती. सहादूभाऊस,
चंद्रभागेचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुला प्रवास झेपला नाही, आणि मला इथून निघता आलं नाही. अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळलं. ढगातून तो जेमतेम दिसत होता. तुझ्यासारखाच हट्टी.

माझ्या कानाचा जाब तू तिला विचारू नकोस. कान यांच्या हाताने गेला. दारू पोटात गेली की यांचा हात उठायचा, हे तुला माहीत आहे. पण हे स्थळ तिने दिलं होतं. ऐंशीच्या नवरात्रात आप्पांनी कौल लावला. तिच्या उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं, म्हणून चांदवडचं स्थळ सोडून आप्पांनी मला दिंडोरीला दिली. तिने दिलं त्यात तिचा काही हेतू असणार, एवढ्या एका गोष्टीवर मी दिवस काढले.

सत्याऐंशी साली तू टेम्पो घेऊन मला न्यायला आला होतास. तेव्हा माझा कान नुकताच गेला होता आणि पोटातलं पहिलं मूलही गेलं होतं. माझी पेटी तू टेम्पोत ठेवलीसुद्धा. मी ती उतरवली. कौल मोडून माघारी कशी येऊ, असं मी तुला म्हणाले, आणि तू तोंड फिरवून गाडीत बसलास. माझ्यावर रागावून गेलास असं मला वाटलं. त्या दिवसांत ती नसती तर मी विहीर जवळ केली असती. पुढे योगेश झाला, आणि आठ वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा मी यांच्या तोंडात पाणी घातलं ते तिचं नाव घेऊनच.

तिचा कौल मला जड गेला, पण खोटा कधी वाटला नाही. म्हणून सांगते भाऊ, एकदा वाक. गाडी मी पाठवते.

जगदंबा तुला सांभाळो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चंद्रभागा


अंबड, नाशिक
५ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रभागा हीस,
सहादूचे आशीर्वाद.

हे पत्र घरात कोणी नसताना वाच. आधी लिहिलेली तीन मी फाडली.

कौलाची रीत तुला माहीत आहे. ज्या घरचा प्रश्न, त्या घरची फुलं. निवृत्ती गुरव लाल झेंडू पाण्यात बुडवून देवीच्या उजव्या खांद्यावर लावायचा आणि पिवळा डाव्या. लाल आधी पडला तर होकार, पिवळा पडला तर नकार. दिंडोरीचं स्थळ पुढे न्यावं का, असा आप्पांचा प्रश्न होता. त्या पहाटे मळ्यात फुलं तोडायला आप्पांनी मला पाठवलं.

चंद्रे, मी फुलांच्या मळ्यात वाढलेला. कोणतं फूल किती वेळ धरून राहील, हे मला गुरवापेक्षा जास्त कळत होतं. लाल फूल मी भरगच्च घेतलं, दवाने जड झालेलं, मागच्या हिरव्या बोंडासकट. पिवळं घेतलं आदल्या दिवशीचं, सुकून हलकं झालेलं. तसलं फूल ओलं करून दगडाला लावलं की हाताने काढावं लागतं. झालंही तसंच. लाल फूल गुरवाचा हात बाजूला होतो न होतो तोच पडलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आवरेना. माझ्यासारख्या देव न मानणाऱ्याने देवाकडून एक चांगलं काम करून घेतलं, असं मला वाटलं.

गोरक्ष माझा मित्र होता. आयटीआयला आम्ही एका बाकावर बसायचो. हुंडा, बुवा, नवस यांच्याविरुद्ध तो इतकं सुंदर बोलायचा, की मी त्याच्या मागे मागे फिरायचो. चांदवडचा मुलगा कांदे पिकवणारा, फार न शिकलेला. माझ्या बहिणीला शिकलेला नवरा मिळावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. विचारायचं होतं ते तुला. तुला सोडून मी फुलं निवडत बसलो.

ती एकवीस वर्षांच्या पोराची घमेंड होती म्हणून सोडून देता येईल. सत्याऐंशीचं सोडता येत नाही. तू पेटी उतरवलीस तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, की तो कौल माझा होता, चल, गाडीत बस. तेव्हा मला आवाज होता. आप्पांना काय सांगू, गावात तोंड कसं दाखवू, या भीतीने मी गाडी वळवली. मी तुझ्यावर रागावलो नव्हतो ग. मी पळालो.

वर गेल्यावर माझं मत बदलेल का, असं तू विचारतेस. वर कोणी असतं तर माझं सोपं झालं असतं. तिने शिक्षा दिली असती आणि मी सुटलो असतो. वर कोणी नाही, म्हणूनच मला जाब विचारणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. तू विचार.

लोभ असू दे असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझा,
सहादू


दिंडोरी
ता. ८ डिसेंबर २०२५

ती. सहादूभाऊस,
नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. बागेचं काम होतं असं कारण सांगणार होते, पण ते खरं नाही.

पहिले आठ दिवस मी स्वतःला समजावलं, की कौल तिचाच होता, फक्त तिने तो तुझ्या हाताने करवून घेतला. बरं वाटलं. मग एकदा भाकरी थापताना मनात आलं, की तुझ्या हाताने तिने केलं असेल, तर यांच्या हातानेही तिनेच केलं. माझ्या कानावर, माझ्या पोटावर. भाकरी तव्यावर करपली तरी मी तशीच बसून होते. त्या दिवसापासून देव्हाऱ्यात दिवा लावलेला नाही. सून विचारते, तेव्हा माझी कंबर धरली आहे असं सांगते.

चांदवडचा तो माणूस मला एकदा वणीच्या यात्रेत दिसला होता. बायकोची चप्पल तुटली होती. स्वतःच्या वहाणा तिच्या पायात घालून तो गड उतरत होता, अनवाणी, तिच्याशी हसत. मी बाजूला उभी राहून देवीला म्हटलं, बाई, तुझी इच्छा. एवढी वर्षं मी तिच्याशी बोलत आले, रडले, भांडले. आता वाटतं, समोर कोणी नव्हतंच.

तुझा राग येतो का, तर येतो. पण तू असा अंथरुणाला लागलेला, तुझ्यावर राग काढून काय करू? हे जाईपर्यंत छत्तीस वर्षं सोसलं ते कशासाठी, एवढं मला कोणी सांगावं. तू तेव्हा सांगायला हवं होतंस. तेव्हा नाही सांगितलंस, तर आता सांगायला नको होतंस.

चंद्रभागा


अंबड, नाशिक
२२ डिसेंबर २०२५

चि. चंद्रे,

तुझ्या पत्राच्या माथ्यावर या वेळी देवीचं नाव नव्हतं. जन्मभर मी त्या ओळीला हसलो. ती दिसली नाही तेव्हा मालनला हाक मारायला तोंड उघडलं आणि गळ्याच्या भोकातून नुसतीच हवा निघाली.

काल योगेशला बोलावून घेतलं आणि त्याच्या गाडीतून माहेरच्या देवळात गेलो. कारण त्याला सांगितलेलं नाही. निवृत्तीच्या जागी आता त्याचा नातू आहे. कौल लावायचा का, असं त्याने विचारलं, तेव्हा मी दोन्ही हातांनी नको म्हटलं. मालनने धरलं आणि मी पायरीवर डोकं ठेवलं. वाकलं की माझा श्वास कोंडतो, तरी जमेल तेवढा वेळ ठेवलं.

तुझ्याशी आता खोटं बोलणार नाही. मला काही जाणवलं नाही. थंड दगड होता, शेंदराचा वास होता. मला ती पटली नाही. पण ती असावी, असं मला सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा वाटलं. मी मनात तिला म्हटलं, तू असशील तर माझ्याकडे बघू नकोस, आधी चंद्रेच्या घरी परत जा.

तू दिवा लाव ग. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. मी हे लिहितो आहे हे वाचून तुला हसू येईल. आलं तर बरंच आहे.

डॉक्टर आता आठवड्यांत बोलतात. चार ओळी का होईना, पाठव.

तुझा भाऊ,
सहादू


दिंडोरी
ता. ३ जानेवारी २०२६

ती. सहादूभाऊस,
नमस्कार.

योगेशने मोबाइलवर फोटो दाखवला. तू पायरीवर वाकलेला, मालनवहिनीने तुझा सदरा मागून धरलेला. किती वाळलास रे.

हा फोटो बघायला मी किती वर्षं वाट पाहिली असेल. माझं लग्न झाल्यापासून, चांगल्या दिवशी आणि वाईट दिवशी, मी तिच्याकडे दुसरं फारसं काही मागितलं नाही. यांची दारू सुटू दे असंही शेवटी शेवटी मागायचं सोडलं होतं. माझ्या भावाचं डोकं एकदा तुझ्या पायाशी टेकव, एवढंच मागत राहिले. ते झालं. योगेश माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मला काही वाटलं नाही, भाऊ. मी फोटो बघितला आणि मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

तू सांगितलंस म्हणून दिवाही लावून बघितला. वात पेटली, मी समोर बसले, आणि काय बोलावं ते सुचेना. थोड्या वेळाने उठून कपडे वाळत घातले.

माफीचं म्हणशील, तर मला माफ करता येत नाही. करायचं नाही असं नव्हे. मी आजवर कोणाला माफ केलंच नाही. सगळं तिच्या पायाशी नेऊन टाकत आले, यांचंसुद्धा. आता टाकायला जागा नाही, तर सगळं घरातच पडून आहे.

सुनेने परसात झेंडू लावला होता, तो यंदा फार आला आहे. नवसाच्या अकरा परड्या सहज भरतील. बोललेलं फेडावं लागतं, अनवाणी जायलाही मी तयार आहे. पण फुलं नेऊन वाहू कोणाला, ते तू सांग.

पत्राच्या शेवटी तुला दर वेळी मी तिच्यावर सोपवत होते. आज ते लिहवत नाही. थंडी वाढली आहे. रुमाल दुहेरी करून बांधत जा.

चंद्रभागा