अर्जाचं काय झालं, हे पुन्हा विचारू नये म्हणून

तीर्थरूप मामांना वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं आईकडून कळलं, म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. अक्षर मोठं म्हणजे आवाज चढवला असं समजू नका. चढला आहे, पण त्याचं कारण वेगळं.

गेल्या तिन्ही पत्रांत तुम्ही अर्जाचं काय झालं म्हणून विचारलंत. काही झालेलं नाही. सरकारी वकिलाच्या जागेसाठी परीक्षा झाली, मुलाखत झाली, त्याला सात महिने होऊन गेले. ज्या खात्यात तुम्ही तेहतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालात, त्याच खात्याला मी दर सोमवारी फोन करते. पहिल्या महिन्यात म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. चौथ्या महिन्यात म्हणाले, सुरूच आहे. (त्या ‘च’लाच मी प्रगती म्हणून धरून बसले.) पुढच्या वर्षी मी वयोमर्यादेत बसत नाही, म्हणजे ही शेवटची खेप. तरी तुमची ओळख वापरायची नाही, हे मी अर्ज भरतानाच निक्षून सांगितलं होतं. दुसऱ्यांना कोर्टात उभं करून जाब विचारायचा आणि स्वतः वशिल्याने आत शिरायचं, हे मला जमणार नाही.

बरं, वाट बघता बघता हातातलं काम तरी धड व्हावं, तर तेही नाही. मी सरकारी वकील होणार अशी कोर्टात बातमी फुटली आणि ज्यांचे खटले मी लढवत होते ते माझे आरोपी एकेक करून पसार झाले. (कायदेशीर मार्गाने.) आज आमच्या बाजूने बोलणार आणि उद्या आमच्याच मुळावर उठणार, त्यापेक्षा ही बाई नकोच, असं त्यांचं म्हणणं. एक सायकल दुरुस्तीवाला तेवढा उरला, तोही कोठडीत असल्यामुळे त्याला काही कळलं नव्हतं म्हणून. त्याच्या जामिनासाठी मी उभी राहिले. आता मुलाखतीच्या तयारीसाठी दोन महिने मी रोज सकाळी कपाटाच्या आरशापुढे सरकारची बाजू मांडत होते, ती सवय जिभेची काही सुटली नव्हती. तोंड उघडलं आणि आरोपी फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणेल, समाजात चुकीचा संदेश जाईल, असं सगळं एका दमात बोलून मोकळी झाले. सरकारी वकील अर्धे उठले होते, ते खाली बसले आणि म्हणाले की बाईंनी सांगितलंच आहे, सरकार पक्षाला जादा काही म्हणायचं नाही. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग सायकलवाल्याकडे पाहिलं आणि जामीन देऊन टाकला. बहुतेक दयेपोटी. असा वकील पदरी पडलेल्या माणसाला आणखी काय शिक्षा द्यायची?

हे कमी होतं म्हणून परवा चारित्र्य पडताळणीसाठी पोलीस घरी आले. आणि यावं कोणी, तर मिशाळ फौजदाराने! दोन वर्षांपूर्वी मी याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दीड तास सोलून काढला होता. पंचनामा चार वाजता बाजारात केला म्हणत होता, आणि त्याच चार वाजता ठाण्याच्या नोंदवहीत त्याची सही होती. आरोपी सुटला, सगळं कोर्ट हसलं आणि (खोटं कशाला बोलू) सगळ्यांत मोठ्याने मी हसले. तोच आता माझ्याच खुर्चीत बसून माझं चारित्र्य तपासत होता. आईने चहा दिला, इथवर ठीक. शेजाऱ्यांशी भांडणं होतात का, असं त्याने विचारलं, तर आई म्हणाली, शेजाऱ्यांशी नाही. स्वभाव कसा, तर म्हणे मनाने चांगली आहे, पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नाही. (तुमची बहीण साक्षीदार म्हणून वैऱ्यालाही मिळू नये.) फौजदाराने अनुभवी मान डोलावली आणि बराच वेळ लिहीत बसला. काय लिहितोय म्हणून मी वाकून बघायला गेले, तर त्याने कागदावर टोपी ठेवली. उसण भरली ती तेव्हाच.

तर मामा, मी आता हा विषय डोक्यातून काढून टाकला आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी अगदी शांत आहे. डोळ्यांना जपा, मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची

ता. क. : विषय डोक्यातून कसा काढला, ते लिहायचं राहिलं. परवा फौजदार गेल्यावर रागाच्या भरात ‘मी अर्ज मागे घेत आहे’ असं पत्र खरडलं आणि रजिस्टर पोस्टाने धाडूनही दिलं. त्यांनी नाही म्हणण्याआधी आपणच नाही म्हणावं, एवढंच डोक्यात होतं. आईला यातलं काही माहीत नाही.

ता. क. २ : पाकीट बंद न करताच कोर्टात घेऊन आले, तर तिथल्या जिन्यात फौजदार भेटला. मी तोंड फिरवलं, तर तो आडवाच आला. म्हणाला, “बाई, एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझी चूक माझ्या तोंडावर दाखवणारा वकील एकच भेटला. त्या दिवसापासून मी घड्याळ बघून पंचनामा लिहितो. चारित्र्य उत्तम, असं कळवलंय. आता आमच्या बाजूला या.” खात्याने अहवालासाठी त्याला निकडीचा फोन केला होता, त्यात त्याला कळलं की पाच जागांच्या यादीत माझं नाव तिसरं आहे आणि अडलंय ते फक्त या अहवालापायी. मी जिन्यातच बसले.

ता. क. ३ : आता खरं काम. खात्यात आवक टपालाच्या टेबलावर तुमच्या हाताखाली तयार झालेला तो कारकून अजून आहे ना? माझं पत्र उद्या त्याच्यापुढे पडेल. ते मंजूर होण्याआधी रद्द करता येतं, कायदा बघितला आहे, आणि रद्द करणारं पत्र आजच टाकलं आहे. ते पोचेपर्यंत पहिलं पत्र नुसतं पडून राहू दे, एवढंच त्याला सांगा. सात महिने ज्या दिरंगाईला मी शिव्या घातल्या, ती आणखी चार दिवस टिकली पाहिजे. आणि याला वशिला म्हणू नका. काम व्हावं म्हणून ओळख लावली तर तो वशिला. काम होऊ नये म्हणून लावली तर त्याला कायद्यात शब्द नाही, मी शोधला. फोनवर हे बोलायला जीभ रेटेना, म्हणून बसच्या कंडक्टरच्या हाती पत्र देते आहे, संध्याकाळपर्यंत मिळेल. मिळाल्या मिळाल्या त्याला गाठा. मला ही नोकरी हवी आहे, मामा. फार हवी आहे.