दहा हजार एक ठिपके

१७ डिसेंबर
बोलून बसलो! भर देवळात, अंबाळदेवीसमोर. विशालमचा एक डोळा केव्हाच गेला, दुसऱ्याची उद्या शस्त्रक्रिया. तोंडातून निघून गेलं — बायकोची नजर राहू दे, ती तुझ्या अंगणात तांदळाच्या पिठाचं कोलम घालील, ठिपक्यांची रांगोळी. दहा हजार ठिपके, आणि त्यांच्याभोवती फिरणारी एकच रेघ, कुठे न तुटणारी. पुजारी लगेच, "अण्णा, आईला शून्यावर संपलेलं देतात होय? वर एक घाला." घातला.

१८ डिसेंबर
शस्त्रक्रिया झाली. पट्टी आहे. डॉक्टर म्हणाले, "बघू या." कॉफीच्या गाडीपासून माझ्या खाणावळीपर्यंत डोळे मिटून आलो, माणसांचे आवाज ओळखत. हा "बघू या" मला आवडला नाही.

२० डिसेंबर
नुसते दहा हजार असते तर शंभर ओळी, ओळीत शंभर — चौक तयार! हा वरचा एक कुठे बसवू? तीननं भाग जात नाही. सातनं नाही. अकरा, तेरा — नाही. कशानंच गेला नाही तर एकच रांग, देवळापासून थेट स्टेशनाच्या पलीकडे! रोजचा गिऱ्हाईक कदिरेसन जेवून गल्ल्याशी आला. "काय रे, सांबारातलं पाणी बरोबर मोजतोस, हा एक आकडा मोजता येईना?" गिऱ्हाईकं हसली. मीही हसलो.

२१ डिसेंबर
विशालमला सांगितलं. पट्टीखालून हसली. "अहो, शंभर बाय शंभरात शंभर वेगळ्या रेघा होतात! सहा ओळी, ओळीत चार ठिपके घाला — दोन तुकडे. पाच नि सात घाला — एकच रेघ. दोन्ही बाजूंना एकाच आकड्यानं भाग जात असला की रेघ तुटते. हाताला कळतं ते. पुजाऱ्याचा तो एक बराच झाला, त्याला शिव्या देऊ नका."
दिल्या होत्या. मनात. हिला कसं कळलं?

२३ डिसेंबर
चैन नाही. डोसे करपले! शंभराच्या आतच शोधायचं, एवढं बरं — मोठा आकडा भागणारा असला तर त्याचा धाकटा जोडीदार शंभराच्या आत सापडणारच. सदुसष्ट — नाही. एकाहत्तर — नाही.

२४ डिसेंबर
त्र्याहत्तर! त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस! बाकी शून्य! कदिरेसनकडून पुन्हा गुणून घेतलं. दोन्ही आकडे हट्टी, स्वतःखेरीज कुणाला भाग देऊ देत नाहीत. म्हणजे रेघ एकच! दवाखान्यात धावलो. विशालमचं बोट चादरीवर फिरायलाच लागलं.

२७ डिसेंबर
पट्टी काढली. नर्सनं पडदा सारला. ऊन थेट तोंडावर. विशालम म्हणाली, "पट्टी काढताय ना?"

३० डिसेंबर
पुजारी म्हणतो, नजर आली नाही, नवस लागू नाही. मी विशालमला तेच सांगितलं. ती म्हणाली, "रेघ एकच आहे ना? मग हात उचलायचाच नाही, वाट चुकेन कशी? ठिपक्यांच्या जागी चिंचोके मांडा, बोटांना लागतील."
पहिली ओळ मांडली. तिनं हात फिरवून बघितला.
"वाकडी आहे. पुन्हा."